झुलीचं भोक

सत्तरच्या दशकात मी सांगलीच्या कॉलेजात मातीतल्या जिवाणूंची जनुकं तपासत होते. काचेच्या बशीत वाढलेल्या जिवाणूंच्या ठिपक्यांचा जसाच्या तसा ठसा दुसऱ्या, एक अन्नघटक कमी ठेवलेल्या बशीत उठवायचा. जनुक बिघडलेल्या जिवाणूला तो घटक स्वतः बनवता येत नाही, म्हणून तो तिथं उगवत नाही. ठसा उचलायला निर्जंतुक मखमल लागते. “पुण्याहून येईल, थांबा,” सर महिनाभर म्हणत राहिले. थांबणं मला कधीच जमलं नाही. पलूसला घरी जाऊन मी बैलाच्या मखमली झुलीचा तुकडा कापला आणि कुकरात वाफवून घेतला. आई आठवडाभर धुसफुसत राहिली.

दुसऱ्या बशीत नेमकी एक जागा रिकामी राहिली. सापडला!

बेंदराला, बैलांच्या सणाला, वडिलांनी झुलीला ठिगळ लावू दिलं नाही. तशाच झुलीत बैल गावभर मिरवला. कुणी विचारायच्या आतच वडील सांगायचे, “आमच्या लेकीनं कापलीया!”