अक्काची होडी

"बुडाली तर वर काढू की, सर." ओढणी कमरेला खोचत ती हे म्हणाली की समजायचं, आपला आक्षेप निकालात निघाला. तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील. आपण त्यांना अडचण सांगतो आणि ती त्याच अडचणीवर पाय देऊन पुढं जातात.

ती मैंदर्गीची. घरी मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, आणि मराठी बोलता बोलता मधेच कानडी. सोलापुरातल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी वर्कशॉपचा मास्तर, ती तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. सगळी पोरं तिला अक्काच म्हणत. आता ती गोव्याला, बोटी बांधण्याच्या कारखान्यात नोकरी करते.

एके दिवशी ती सात-आठ पोरापोरींना घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. कोकणातल्या एका खाडीत कॉलेजांच्या शिडाच्या होड्यांची शर्यत होणार होती. होडी विद्यार्थ्यांनीच बांधायची आणि तीही मातीतून आलेल्या, मातीत मिसळणाऱ्या वस्तूंची, अशी अट होती. मी त्यांना प्राचार्यांकडे नेलं. ते हसले. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं त्या गावात होडी कसली बांधताय, म्हणाले.

"सर, आमच्याकडं मेंढरांना चारा न्हाय," ती म्हणाली. "म्हणून आमी मेंढरं ठेवायची सोडली न्हाईत. चारा हाय तितं घेऊन जातो."

प्राचार्यांनी वर्कशॉपमागची पत्र्याची शेड दिली.

बांधावरच्या घायपाताचा वाख, म्हणजे पानांतले चिवट धागे, आणला. झाडांपासून केलेल्या चिकात त्याचे थरावर थर बसवून होडीचं अंग तयार झालं. डोलकाठी बांबूची. शिडाचं जाड सुती कापड श्रीनिवासनं आणलं. तो सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर घरातला, घरी तेलुगू बोलणारा, अबोल पोरगा. कापड त्याच्या वडिलांनी घरच्या मागावर विणून दिलं होतं.

पहिली चाचणी हिप्परग्याच्या तलावात. काठावर निम्मं कॉलेज जमलं होतं. अक्का होडीत बसली, शीड भरलं, टाळ्या पडल्या आणि थोड्याच वेळात होडी एका अंगाला कलून सावकाश पाण्याखाली गेली. लाइफ जॅकेटमुळं अक्का वर राहिली. बाहेर काढल्यावर तिनं माझा दंड धरला तो सोडेचना. तेव्हा कळलं, तिला पोहता येत नव्हतं. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

घाईत श्रीनिवासनं वाख पुरता वाळवला नव्हता. आतली ओल तशीच राहिली आणि थर सुटले. प्राचार्यांनी चूक कुणाची म्हणून विचारलं, तेव्हा अक्कानं वाख आपण तपासला नाही एवढंच सांगितलं. श्रीनिवास मान खाली घालून उभा होता. दुसऱ्या दिवसापासून तो यायचा बंद झाला. अक्का त्याच्या घरी गेली, त्याच्या आईच्या हातचं जेवली आणि निघताना म्हणाली, "दुसरी होडी घेतलीय बांधायला. शीड तू न्हाईस तर कोण शिवणार?" बुडालेल्या होडीचा तिनं विषयच काढला नाही, असं तो मला पुढं सांगत होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती गावच्या विहिरीत पोहायला शिकली. शिकवलं तिच्या आईनं. पाठीला रिकामा डबा बांधलेली ही कॉलेजकन्या पाहून काठावरची बारकी पोरं फिदीफिदी हसायची. "एवढी शिकलीस आन पाण्याला भितीस व्हय?" म्हणत आईनं तिला सरळ ढकललं. ही हकीकत सांगताना अक्का त्या पोरांपेक्षा जास्त हसायची.

दुसऱ्या होडीचं शीड श्रीनिवासनंच शिवलं, आणि ती तरंगली. होडी एकाच माणसाची. सरावाला अक्का आणि श्रीनिवास आळीपाळीनं बसत, आणि दर वेळी श्रीनिवासची फेरी कमी वेळात होई. तरी शर्यतीला अक्काच बसणार हे आम्ही धरून चाललो होतो. कॅप्टन तीच होती.

शर्यतीच्या सकाळी खाडीवर तिनं अंगातलं जॅकेट काढून श्रीनिवासच्या गळ्यात घातलं आणि पट्टे आवळायला लागली. तो नको नको म्हणत होता.

"तुझा हात हलका हाय," ती म्हणाली. "होडी तुझं ऐकती. माझं ऐकत न्हाय."

मग ती बराच वेळ समुद्राकडं तोंड करून उभी राहिली. वाईट वाटतंय का, मी विचारलं.

"वाटतंय की," ती म्हणाली.

श्रीनिवास शेवटच्या वळणापर्यंत छान आला. आणि तिथं वारा पडला. शीड लोंबायला लागलं, ओहोटीनं होडी मागं सरकू लागली. त्याचे खांदे उतरलेले काठावरून दिसत होते. अक्कानं चपला काढल्या, ओढणी माझ्या हातात दिली आणि पाण्यात शिरली. बाहेरच्यानं होडीला हात लावायचा नाही, सूचनाही द्यायची नाही, असा नियम होता. मी ओरडून आठवण केली. तिनं मागं न बघता हात वर केला.

विहिरीत शिकलेलं पोहणं ते. पुढं कमी जायचं, पाणीच जास्त उडायचं. होडीपासून हातभर अंतरावर ती थांबली. पंचांची बोट जवळ आली तेव्हा हात लावला नाही हे दाखवायला तिनं दोन्ही पंजे वर केले, त्या नादात बुडाली, खोकत वर आली. पंचसुद्धा हसले. मग ती नुसती तरंगत राहिली. इतकी बडबडी पोरगी, पण तोंडातून शब्द नाही. श्रीनिवासनं तिच्याकडं पाहिलं, पाठ ताठ केली आणि सुकाणू पुन्हा धरलं.

दूरवर पाणी शहारलं. शीड फुगलं. होडी तिच्या शेजारून सुटली आणि शर्यतीची शेवटची रेषा ओलांडून गेली. आमच्या मागं अजून दोन होड्या होत्या. काठावर पोरं नाचत होती, श्रीनिवास वळून वळून मागं बघत होता, आणि अक्का तिथंच, गळ्यापर्यंत पाण्यात, हात हलवत होती.