तीन गोळ्यांवर बसलेलं भिंग

भिंगकाकांच्या हातात जादू आहे, असं सगळा कारखाना म्हणायचा, आणि काकाही ते कधी नाकारायचे नाहीत. त्यांचं काम यंत्राला भिंग बसवायचं. हे यंत्र वस्तूला न शिवता नुसत्या उजेडाने तिचा पृष्ठभाग वाचायचं. आपल्याला गुळगुळीत वाटणारं पोलाद त्याच्या पडद्यावर खाचखळग्यांनी भरलेलं दिसायचं. जसा पृष्ठभाग तसं भिंग बदलायचं, आणि बदललेलं भिंग केसभर जरी सरकलं तरी सगळी मोजणी मातीत. काका श्वास रोखून, बोटांच्या अंदाजाने आटे फिरवायचे. मध्येच कोणी शिंकलं तर त्याची धडगत नसायची.

तर अशा काकांचा उजवा हात थरथरायला लागला.

घरी बायकोला कळलं होतं. ती त्यांचा चहाचा कप अर्धाच भरायची. कारखान्यात मात्र काकांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. कोपर टेबलाला टेकवायचं आणि "कंबर धरलीय हो जरा" म्हणून वेळ मारून न्यायची. कळलं तर उद्यापासून घरी बसावं लागेल, ही धास्ती जीव खात होती.

नेमकी तेव्हाच भिंग यंत्राला अडकवायची नवी बैठक आली. बघतात तर काय, तिला आटेच नाहीत! भिंगाच्या कड्याला तीन पोलादी गोळ्या, यंत्राच्या तोंडाशी तीन खाचा आणि धरून ठेवायला लोहचुंबक. विभाग सांभाळणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "काका, आधी तुम्हीच बसवून बघा. तुम्हाला नाही जमलं तर हिला परत पाठवू."

सगळे भोवती जमले. यंत्राखाली तपासणीची चकती होती, तिच्यावर बारीक फुली कोरलेली. भिंग काढून पुन्हा बसवलं की पडद्यावर फुली होती तिथेच दिसायला हवी. काकांनी सवयीप्रमाणे भिंग घट्ट धरलं, दाबलं, चाचपलं. फुली सरकली. परत बसवलं, परत सरकली. काकांना दरदरून घाम फुटला. इथे कोपर टेकवायला जागाही नव्हती. हात असा काही थरथरला की भिंग खाचांच्या तोंडाशीच बोटांतून सुटलं.

"अरे देवा!" काकांनी डोळेच मिटले.

टक्. एवढाच आवाज झाला.

डोळे उघडून बघतात, तर फुली जिथल्या तिथे. काकांनी भिंग काढलं, थरथरत्या हाताने पुन्हा वर नेलं आणि या वेळी मुद्दाम सोडलं. टक्. फुली हललीसुद्धा नाही. झोपेतलं लेकरू आईच्या कुशीत शिरावं, तशी एकेक गोळी आपापल्या खाचेत शिरत होती. दाबलं की बिघडायचं, सोडलं की जमायचं! जन्मभर श्वास रोखून केलेलं काम ते एवढंसं कडं आपलं आपण करत होतं. खरं तर वाईट वाटायला हवं होतं, पण काकांच्या अंगावर काटा आला आणि डोळे भरून आले. इतकं सुंदर काही त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"मॅडम," ते म्हणाले, "माझा हात थरथरतो. कधीपासून लपवतोय मी."

मॅडमनी पडद्याकडे पाहिलं. "थरथरतो? मग फुली का हलत नाही? उद्यापासून सगळ्यांना शिकवा हे. आधी तुमची ती दाबायची खोड मात्र सोडा."

संध्याकाळी बायकोने नेहमीसारखा अर्धा कप पुढे केला.

"पूर्ण भर गं."

"अहो, सांडेल."

"सांडू दे की."

तिने काठोकाठ भरला. चहा सांडला, बशीत आणि शर्टावरही. "आता डाग तुम्हीच काढा," असं म्हणत तिने कप बाजूला ठेवला आणि तो थरथरणारा हात पहिल्यांदाच आपल्या हातात घेतला.