‘बिरीव्ह्ड’चं कूळ

आमच्या कांदिवलीच्या सोसायटीत तावडेकाकांना नुसतं ‘गुड मॉर्निंग’ म्हणणंही धोक्याचं होतं. ते जिन्यात हात आडवा घालत आणि विचारत, “मॉर्निंग हा शब्द मूळचा कुठल्या गावचा, ठाऊक आहे?” मग ऑफिसला उशीर झालाच म्हणून समजा. मालवणकडच्या गिरणी कामगाराचा हा मुलगा. कोर्टात इंग्रजी कागदांचं मराठी करण्यात हयात गेली. “अर्थ कोणीही सांगेल रे,” ते म्हणत, “शब्दाचं कूळ विचार. कूळ कळलं की त्याला खोटं बोलता येत नाही.”

निवृत्तीनंतर गेटजवळचा फळा त्यांनी ताब्यात घेतला. ‘उद्या पाणी येणार नाही’ हेसुद्धा ते असं लिहीत, की टाकी धुणाऱ्यालाही गलबलून यावं.

तळमजल्यावरचे देसाई गेले, तेव्हा मात्र कहर झाला. देसाई आणि काका तीस वर्षं रोज संध्याकाळी शेजारी बसून भांडत. सेक्रेटरी कुळकर्णीबाईंनी इंग्रजीत शोकसंदेश धाडला आणि काकांना सांगितलं, फळ्यावर मराठीत उतरवा. त्यात ‘बिरीव्ह्ड फॅमिली’ असे शब्द होते. सकाळी फळ्यावर झळकलं : ‘कै. देसाई यांच्या नागवलेल्या कुटुंबास सोसायटीची सहवेदना.’

“शोकाकुल लिहायचं ना सरळ!” काकांच्या दारात येऊन कुळकर्णीबाई किंचाळल्या. “नागवे काय? वाट लावलीत सोसायटीची!”

देसाईंचा मुलगा नितीन तर तावातावाने वर आला. “कोणी नागवलं आम्हाला, काका? नाव घ्या ना! कमिटीने की बिल्डरने?”

काका कोर्टात उभे असल्यासारखे ताठ झाले. “शोकाकुल म्हणजे नुसता रडणारा. बिरीव्ह्ड म्हणजे लुटलेला! जुन्या इंग्रजीत ‘रीव्ह’ म्हणजे लुबाडणं. आधी ‘बी’ जोडला की पार धुऊन नेणं. चोरीतला ‘रॉब’ त्याचा चुलतभाऊ. आणि अंगात घालायचा ‘रोब’? तोही त्याच घराण्यातला. हरलेल्याच्या अंगावरचे कपडेच आधी लुटायचे ना! आपल्या ‘नागवणे’तही तेच, लुटणंही आलं आणि उघडं करणंही. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता दिलेली साक्ष आहे ही. आता बोला!”

कुळकर्णीबाई बोलल्या, “पुसा ते.”

“नाही पुसणार.”

पण सगळे खाली गेल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. “मेल्या, खरं सांग. वहिनींनी वाचलं असेल?” अख्ख्या सोसायटीला अंगावर घेणारा हा माणूस एका बाईला घाबरत होता. देसाईकाकू नवरा गेल्यापासून ना रडल्या होत्या, ना कोणाशी बोलल्या होत्या. “माझ्या शहाणपणाने त्यांना लागलं असेल तर मी...” पुढचा शब्द काकांना सापडला नाही. असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

संध्याकाळी कुळकर्णीबाई ओलं फडकं घेऊन फळ्यापाशी पोचल्या, आणि नेमक्या तेव्हाच देसाईकाकू बाहेर आल्या. त्यांनी फळा वाचला. पुन्हा वाचला.

“कोणी लिहिलंय?”

“मी,” काका आरोपीसारखे पुढे झाले. “वहिनी, माझं जरा...”

“जो येतो तो म्हणतो, देवाने नेलं,” काकू म्हणाल्या. “जसं काही मागून नेलं माझ्याकडून! मागितलं असतं तर दिलं असतं का मी?” आणि त्या मोठ्याने रडल्या. नितीनने त्यांना धरलं. आम्ही सगळे चपला न्याहाळत उभे राहिलो.

बऱ्याच वेळाने पदराने नाक पुसून काकू म्हणाल्या, “राहू दे ते. पण भावजी, तुमच्या भाषांतरात चूक आहे.”

काकांचा चेहरा पडला. “कुठे?”

“नुसतं ‘कुटुंबास’ काय लिहिलंत? तुम्ही उद्यापासून भांडणार कोणाशी?”

काकांनी खिशातून खडू काढला आणि ‘कुटुंबास’च्या पुढे बारीक अक्षरात लिहिलं, ‘व एका शेजाऱ्यास’. ही दुरुस्ती कमिटीने मंजूर केली आहे का, असं कुळकर्णीबाईंनी विचारलं नाही.