कॅसेटवरची पंचमी

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर मी तुमच्यातल्या धाकटीला विचारलं, "कशी आहेस?" ती म्हणाली, "मस्त, आजी." पण बोलण्याआधी ती जरा थांबली होती. मग घाईघाईने म्हणाली, "तू पण पॉझिटिव्ह राहा हं." फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेले, भांडी पुसून जागच्या जागी लावली, तरी ते थांबणं डोक्यातून जाईना. म्हणून हे आजच लिहिते आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. लागू दे.

पॉझिटिव्ह हा शब्द आमच्या गल्लीत आला तो नव्वदचं दशक संपता संपता. तोवर आमच्याकडची माणसं बरी असत, नाहीतर बरी नसत. कोल्हापूरजवळ, उचगावच्या बाजूला आमची गल्ली अर्धी नोकरदारांची आणि अर्धी जुन्या शेतकऱ्यांची. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून नुकती निवृत्त झाले होते. समोरच्या घरात एक बाई दोन म्हशी पाळून दूध घालायची. रोज संध्याकाळी मी दुधाची कासंडी घेऊन तिच्या गोठ्यात जाऊन बसे. ती धार काढे आणि आम्ही बोलत असू. मला ती "बाई" म्हणे, कारण तिची मुलगी माझ्या वर्गात होती. नवरा गेल्यापासून ही शेजारीण फार खचली होती. कित्येक दिवस तिने केसांना तेल लावलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात जवळच्या मंगल कार्यालयात एक शिबिर झालं. 'जीवन बदला' असा मोठा फलक होता. शिबिर घेणाऱ्या माणसाला सगळे नुसतं "सर" म्हणत. सर टाय बांधून, माईक हातात घेऊन, स्टेजवर येरझाऱ्या घालत बोलत. मीही गेले होते. त्यांची निम्मी वाक्यं इंग्रजी पुस्तकांतली होती. विक्रेत्यांनी जास्त माल खपवावा म्हणून लिहिलेली ती पुस्तकं मी शाळेच्या ग्रंथालयात चाळली होती. पण सभागृहात माना डोलत होत्या. सरांचा मुख्य नियम एकच होता: तक्रार करायची नाही आणि ऐकूनही घ्यायची नाही. कुणी "कशी आहेस" म्हटलं की मोठ्याने "एकदम मस्त!" म्हणायचं.

माझ्या शेजारणीला त्या शिबिरानं उठवलं, हे मी नाकारत नाही. ती पहिल्यांदाच महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंच्या शेजारी खुर्चीवर बसली. एरवी त्या तिला दाराबाहेरूनच दूध ओतायला लावत. तिला स्टेजवर बोलावलं, तिच्यासाठी टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी ती तेल लावून, वेणी घालून गोठ्यात बसली होती. मी विचारलं, "काय गं, बरं वाटतंय का?"

"एकदम मस्त!" ती इतक्या जोरात ओरडली की म्हशीनं मान वळवली. आम्ही दोघी हसलो. मला खरंच बरं वाटलं होतं.

तिची मुलगी दोन वर्षांपूर्वी हातकणंगल्याला दिली होती. एवढ्या जवळ असून पोर माहेरी यायची नाही. आली तरी भावासोबत सकाळी यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परतायची. तिच्या आईला शंका होती. शिबिराच्या आधी धार काढता काढता मला म्हणालीही होती, "बाई, पोरगी बोलतच न्हाय. हसतीया नुसती. पंचमीला येऊ दे, मग कळंल."

पंचमीला कळेल, असं ती का म्हणाली ते तुम्हाला सांगायला हवं. श्रावणात नागपंचमीला आमच्याकडे लग्न झालेल्या मुली माहेरी येतात आणि अंगणात फेर धरतात. एकजण गाणं सांगते, बाकीच्या ते मागोमाग म्हणतात. पण गाणं ठरीव नसतं. नवीन लग्न झालेली पोर मध्येच स्वतःची एक ओळ घालते. सासूनं काय केलं, जावेनं काय म्हटलं, जेवण कधी मिळालं. सगळ्या हसत हसत ती ओळ म्हणतात. कुणी थांबत नाही, कुणी चौकशी करत नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतली एखादी म्हातारी त्या पोरीच्या आईकडे येते आणि सांगते, "पोरीला चार दिस ठिवून घे." किंवा, "थोरल्याला सासरी धाड आणि बोलून ये." तोंडावर विचारलं तर कुठलीच मुलगी सांगत नाही. फेरात सांगते. मी माझ्या डोळ्यांनी अशा तीन पोरी परत न पाठवलेल्या पाहिल्या आहेत.

त्या वर्षी अध्यक्षीणबाईंनी पंचमी मंडळातर्फे करायचं ठरवलं. बैठकीत त्या म्हणाल्या, "सरांचं म्हणणं आहे, ही जुनी गाणी म्हणजे मनातला कचरा आहे. सासू वाईट, नणंद वाईट. मुलींच्या डोक्यात आपणच घाण भरतो. यंदा आपण सकारात्मक पंचमी करू."

मी म्हणाले, "मग मुलींनी बोलायचं कुठं?"

"बाई, तुम्ही शिकलेल्या असून असं म्हणता?" त्यांनी गोड हसून विचारलं. "निगेटिव्ह बोलायची गरजच काय?"

बायका हसल्या. माझी शेजारीणही हसली.

अध्यक्षीणबाईंनी सिनेमाच्या चालीवर नवं गाणं रचलं. सासू म्हणजे आई, सासर म्हणजे देऊळ, असं बरंच काही त्यात होतं. त्यांच्या भाच्याने ते पेटीवर बसवून कॅसेट केली. पंचमीच्या संध्याकाळी मंडळाच्या पटांगणात टेपरेकॉर्डर आला, मुलींना एका रंगाच्या साड्या नेसवल्या. शेजारणीची मुलगीही आली होती. ती वाळली होती. कोपरापर्यंत बाह्यांचा ब्लाऊज, हातभर बांगड्या. श्रावणात इतक्या बांगड्या सगळ्याच भरतात, म्हणून कुणी बघितलं नाही.

कॅसेट सुरू झाली. मुली फिरू लागल्या. कॅसेट कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे ओळ घालायला जागाच नव्हती. मुली तोंड हलवत होत्या आणि गाणं दुसरीच कुणी गात होती.

मग एक बाजू संपली. खटकन आवाज झाला. कॅसेट उलटी करायला कुणीतरी धावलं. फेर तसाच फिरत राहिला, पायांना सवय असते. त्या तेवढ्या शांततेत शेजारणीच्या मुलीने जुन्या चालीवर ओळ सांगितली:

"हातावरची खूण बाई, बांगडीखाली झाकली..."

दोघीतिघींनी सवयीने ती उचलली. तिचं तोंड पुढच्या ओळीसाठी उघडलं होतं.

"अगं अगं, रडगाणं नको!" अध्यक्षीणबाई टाळ्या वाजवत मध्ये आल्या. "निगेटिव्ह नको! बटण दाबा रे!"

पुन्हा देऊळ, पुन्हा आई. बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझी शेजारीण सगळ्यांत पुढे उभी राहून टाळ्या वाजवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच तिच्या गोठ्यात गेले. एरवी सकाळी घरी जाऊन सांगणाऱ्या म्हाताऱ्यांना मंडळाने पटांगणात मागे खुर्च्या दिल्या होत्या, त्यांना तिथून काही ऐकू आलं नव्हतं.

"काल तुझ्या पोरीनं काय म्हटलं, ऐकलंस का?"

"ऐकलं की. मी काय भैरी हाय व्हय?"

"मग ठेवून घे तिला."

ती धार काढतच राहिली. "बाई, सरांनी सांगितलंय, आपण जसा इचार करतो तसंच हुतंय. ती वाईट बघतीया म्हणून तिला वाईट दिसतंय. मी सांगितलंय तिला, रोज उठून सासूचं आभार मान. म्हैना बघ म्हटलं, घर कसं बदलतंय."

"आणि हातावरची खूण? ती पण विचारानं उठली का?"

तिचा हात थांबला. मग ती म्हणाली, "तुमी लई शिकल्यासा, म्हणून तुमास्नी सगळ्यात खोट दिसती. मी आत्ता कुठं उठून बसलोय. मला परत खाली वडू नगासा."

मी कासंडी उचलून परत आले. ती चुकत होती आणि खरंही बोलत होती. तिला जे मिळालं होतं ते टिकवायचं तर तिला त्या ओळीचा अर्थ लावणं परवडणार नव्हतं.

दुपारी मुलगी माझ्या दारात आली. "बाई, जातोय."

मी म्हणाले, "आत ये. जाऊ नकोस. माझ्याकडे राहा."

"तुमच्यात राहिलो तर आईचं काय हुईल? मंडळात लई मान हाय आता तिला." मग ती हसली. "आणि बाई, कुणी हाऊ आर यू म्हटलं की काय म्हणायचं, तुमीच शिकवलाय की. आय ॲम फाइन, थँक यू." मग तिने नमस्कार केला, आणि भाऊ हाक मारत होता म्हणून गेली.

ती परत आली ती पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात, एकटीच, सकाळच्या एसटीने. गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून होती. आईने डाव्या बाजूने दोनदा हाक मारली, तिने बघितलं नाही. तिसऱ्यांदा आईने खांद्याला हात लावला तेव्हा ती दचकून वळली. डाव्या कानात कापसाचा बोळा होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, मार बसून पडदा फाटला आहे, आत पू झाला आहे, फार उशीर केला, हा कान गेला. तिच्याबरोबर आईच्या ऐवजी मी गेले होते. आई गोठ्यात शेण काढत होती. तिने दिवसभर दुसरं काही केलं नाही.

आठवड्याभराने अध्यक्षीणबाई भेटायला आल्या. मी तिथेच होते. त्या म्हणाल्या, "झालं ते झालं. याच्याकडे एक संधी म्हणून बघायला हवं."

माझी शेजारीण उठून उभी राहिली. "पावणं," ती म्हणाली, "दूध घ्यायचं असलं तर घ्या, न्हायतर वाटंला लागा."

आमच्याकडे अनोळखी माणसाला पावणं म्हणतात. अध्यक्षीणबाई खाली बघून निघून गेल्या. सर पुन्हा कोल्हापुरात आले तेव्हा त्यांच्या फलकावर शेअर बाजार होता. सभागृह तेव्हाही भरलं होतं, असं ऐकलं.

शेजारीण नंतर पुष्कळ वर्षं जगली. मुलगी माझ्याशी पहिल्यासारखी बोलायची, आईशी कामापुरतं. आईने कधी माफी मागितली नाही, आणि तिने ती मागावी असं मुलीनेही कधी दाखवलं नाही. मला याचा राग येई. आता ज्याच्यावर यावा असं कुणी उरलं नाही, तरी तो जातो असं नाही. मन निर्मळ ठेवावं, असं तुम्ही मला फोनवर सांगता. मी प्रयत्न केला. माझं मन फारसं सुधारलेलं नाही. एक सवय मात्र मी लावून घेतली: कुणाला "कशी आहेस" विचारलं की लगेच पुढचं बोलायचं नाही. बसून राहायचं. पहिलं उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं. तेव्हा रविवारी मी परत विचारीन, आणि गप्प बसेन. फोन तुमच्याकडे फुकट असतो म्हणे.

त्या मुलीने नंतर गोठा चालवला. आता तिच्या चार म्हशी आहेत. ती परत आली त्याच वर्षी श्रावणात मंडळाच्या पटांगणात कॅसेट वाजली, आणि इकडे तिच्या आईने स्वतःचं अंगण सारवलं. पहिल्यांदा आम्ही पाचसहाजणीच होतो. गाणं आईने सांगितलं. तिला एरवी गळा नव्हता.

त्या अंगणात पंचमीचा फेर अजून होतो. माहेरी आलेल्या पोरी ओळ घालतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी त्यांच्या घरी जातं. गाणं सांगणारी नेहमी त्या मुलीच्या उजव्या बाजूला उभी राहते.