गव्हावरचं दळण

भूकंपानंतर औशाकडच्या पत्र्याच्या शेडातूनच मी लग्न होऊन नांदेडला निघाले. शाळा सातवीतच सुटलेली. यष्टी हलली तशी, माय, तू खिडकीतून भाकरीचं फडकं आत दिलंस. म्हणालीस, "आता रोज पोळ्या खाशील. नशीब काढलंस पोरी."

पोळी आपल्याकडं सणाला नाहीतर पाहुण्याला. इथं क्लासच्या पोरांच्या मेसमध्ये मी सकाळपासून पोळ्याच लाटते. त्यातल्या गरम, तूप लावलेल्या माझ्या लेकीला, वर्षाला. बारावीचं वर्ष, आणि पोरगी वाळत चाललेली. पोट फुगायचं, जुलाब, रक्त कमी. अभ्यासाची धास्ती असंल म्हणून मी अजून एक पोळी वाढायची.

दिवाळीत तुझ्याकडं आठ दिवस भाकरीवर राहिली आणि हसत परत आली. तू फोनवर म्हणालीस, "गहू सोसत न्हाई तिला, बंद कर." मी केला. मग दवाखान्यात नेली, तर डॉक्टरबाईंनी ऐकून कपाळाला हात लावला. "तपासणीआधी बंद करायचा नसतो हो! रक्तात काही दिसणारच नाही. दीड महिना रोज पोळी खाऊ द्या, मग रक्त घेऊ."

ज्यानं दुखतं तेच हातानं वाढायचं. वर्षाच म्हणायची, "मम्मी, रडू नको. हा पण पेपरच समज."

गव्हाचंच दुखणं रक्तात निघालं, पोटात घातलेल्या दुर्बिणीतही तेच. गहू, रवा, मैदा जन्मभर बंद.

नुसत्या भाकरीवर ठेवली, तरी जुलाब थांबेनात. परीक्षा तोंडावर आलेली. तू आलीस, ज्वारीचं पीठ बोटात चोळलंस. "गव्हावर दळतीस का?"

हाव. ज्वारीवर गहू टाकला की पोळी बिघडते, म्हणून बाया चक्कीवाल्याशी भांडतात. गव्हावर ज्वारी टाकली तर कुणी बोलत नाही. मीही बोलले नव्हते. चक्कीतला उरलेला गहू रोज तिच्या पोटात जात होता.

पुढच्या खेपेला तू ढिगाऱ्यातून काढलेलं जातं यष्टीत घालून आणलंस. कंडक्टर म्हणाला, "मावशी, या दगडाला पण शीट पाहिजे का?" तू म्हणालीस, "बसू दे बाबा. घर पडलं तवा ह्योच जाग्यावर होता."

सणाचा गहू आपण गिरणीत न्यायचो; जात्याला ज्वारीशिवाय काही ठाऊक नव्हतं. जुलाब थांबायला तीन आठवडे लागले. आज पहिला पेपर. घर म्हटलं की आता मला भिंती आठवत नाहीत. वर्षाच्या डब्यात दोन भाकऱ्या दिल्यात, तुझ्याच फडक्यात बांधून.