फोटोवरची माकडटोपी

स्वेटरवाल्या मावशीला कुणी ‘नेपाळी’ म्हटलं की तो माणूस तिचं गिऱ्हाईक राहत नसे. त्याच्या हातातला स्वेटर ती शांतपणे काढून घ्यायची, बाह्या मागे दुमडून नीट घडी घालायची, फळीवर ठेवायची आणि सांगायची, “आधी नकाशा बघून या दादा. स्वेटर कुठं पळून न्हाई चालला.” गिऱ्हाईक हसत उभं राहायचं. त्याला वाटायचं, ही भाव वाढवायची काहीतरी युक्ती असेल. पण एकदा घडी घातलेला स्वेटर त्याच्यासाठी पुन्हा उघडत नसे.

दिवाळी झाली की नांदेडात मैदानाच्या कडेला तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात. मावशीचं दुकान शेवटचं. वडिलांचा हात धरून बर्फातून चालत भारतात आलेली, कर्नाटकातल्या मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीत वाढलेली आणि पुढे तीसेक हिवाळे नांदेडात काढलेली बाई. कानडी बोलायची, आणि मराठी तर आमच्या लोह्याकडच्या बायांसारखी. नांदेडची थंडी मात्र तिला मान्य नव्हती. “ही काय थंडी हाय? ही तुमची हौस हाय,” म्हणायची आणि आमची हौस आम्हालाच विकायची. मी लोह्याच्या तहसीलमध्ये कारकून. सुटीच्या दिवशी तिच्या दुकानात स्टूल ओढून बसायचा मला नादच लागला होता. ऑफिसात आठवडाभर ऐकलेलं सगळं खोटं तिथे बसलं की धुऊन निघायचं.

दुकानाच्या मागच्या फळीवर तिच्या गुरूंचा फोटो असे, त्याला पांढरा रेशमी रुमाल घातलेला. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला तिबेटातून तिच्या भावाचा व्हिडिओ कॉल यायचा. त्याआधी ती एक मरून माकडटोपी घ्यायची आणि फोटोवर वरपासून खालपर्यंत ओढायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मोठ्याने हसलो. म्हटलं, “काय मावशी, गुरूलाबी थंडी वाजती का?”

“थंडी न्हाई दादा,” ती म्हणाली. “फोनमधी ह्यांचा फोटो दिसला तर तिकडं भावाला पोलीस उचलत्यात.”

मी स्टूल जवळ ओढलं आणि सगळं विचारून घेतलं.

भाऊ लहानपणी आजीपाशी मागे राहिला आणि पुढे भिक्खू झाला. त्याच्या मठाच्या छपरावर आता चीन सरकारचा झेंडा, प्रार्थनेच्या दालनात पुढाऱ्यांच्या तसबिरी आणि भिक्खूंना आठवड्याला सरकारी वर्ग. वर्षाच्या शेवटी परीक्षा. त्यात आपला गुरू वाईट आहे असं स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं. लिहिलं तर मठात राहायचं, नाहीतर बाहेर. मी विचारलं, “मग भाऊ लिहितो?”

“हात लिहितो,” मावशी म्हणाली. “भाऊ न्हाई लिहीत.”

आणि तिथली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे पुनर्जन्माचा परवाना. मोठ्या लामाला मेल्यावर पुन्हा जन्म घ्यायचा असेल तर तिथे सरकारची मंजुरी लागते. मावशीने हे सांगितलं तेव्हा मी दोनदा खात्री करून घेतली. आम्ही बौद्ध असलो तरी पुनर्जन्म मानत नाही. आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवशीच तो घराबाहेर गेला. पण आम्ही तो मानत नाही म्हणून त्याचं खातंही उघडलं नाही. या सरकारला देव मान्य नाही, आत्मा मान्य नाही, पुढचा जन्म तर मुळीच मान्य नाही. तरी त्याचा अर्ज मात्र आपल्याच टेबलावर यायला पाहिजे! मी पंचवीस वर्षं अर्ज घेतोय. मला लगेच शंका आल्या. अर्जदार हयात नाही, मग सही कुणाची? रहिवासी दाखला मागच्या जन्माचा की पुढच्या? आणि त्रुटी निघाली तर मधल्या काळात त्या जिवाने थांबायचं कुठं? मावशी इतकी हसली की तिच्या डोळ्यांना पाणी आलं. “तुमाला तिकडं लई मोठी नोकरी लागंल दादा,” म्हणाली.

आमच्या कॉम्रेड सरांना यातलं काहीच पटत नव्हतं. सर मला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला होते. माझी शिष्यवृत्ती अडली तेव्हा ते समाजकल्याणच्या दारात दोन दिवस बसले होते, हे मी विसरलेलो नाही. पण एकदा ते आठ दिवस चीनला जाऊन आले आणि तेव्हापासून त्यांचं त्या आठ दिवसांवरचं व्याख्यान संपलेलं नाही. रस्ते किती रुंद, गाड्या किती वेगवान. मठांचं विचारलं की म्हणायचे, “धर्माचं जोखड लोकांनी स्वतःहून फेकून दिलं.” आणि याच सरांनी मुलीच्या लग्नात उदगीरच्या स्वामींच्या पायांचं तीर्थ डोळे मिटून घेतलं होतं. मी बघितलं म्हणताच म्हणाले, “ती सांस्कृतिक बाब आहे.” स्वतःच्या घरातलं देवघर ज्यांना हलवता आलं नाही, त्यांना परक्या मुलखातले मठ बंद केलेले मात्र बिनतक्रार चालत होते.

मागच्या हिवाळ्यात मीच त्यांना मावशीच्या दुकानात घेऊन गेलो. सरांना स्वेटर हवा होता हे खरं, पण मला मावशीच्या तोंडून त्यांची जिरवायची होती. नेमका पहिला रविवार. सरांनी एक बिनबाह्यांचा राखी स्वेटर पसंत केला, अंगाला लावून पाहिला, आणि तेवढ्यात फोन वाजला. मावशीने फोटोवर माकडटोपी ओढली, लोकरीच्या ढिगाला टेकवून फोन उभा केला आणि भावाशी बोलू लागली. काय खाल्लं, गुडघा कसा आहे, एवढंच असणार. तिचा आवाज त्या वेळी अगदी धाकटा व्हायचा.

“टोपी कशाला?” सरांनी मला विचारलं. मी हळूच सांगितलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस गप्प बसेल.

सर हसले. “अहो, त्यांच्या घटनेत धर्मस्वातंत्र्याचं कलम आहे! ही सगळी मनातली भीती. ती अशीच मोडावी लागते.” आणि मी हात पुढे करेपर्यंत त्यांनी टोपी उपसली, फोटो उचलला आणि फोनसमोर धरला. “बघा, काही होत नाही!”

फोनमधला म्हातारा बोलता बोलता थांबला. त्याने फोटोकडे पाहिलं. मग त्याचे दोन्ही हात आपोआप जुळून कपाळाशी गेले, डोकं खाली वाकलं, इतकं की आम्हाला त्याच्या डोक्यावरचे पांढरे खुंट तेवढे दिसले. तो तसाच असताना फोन बंद झाला.

“रेंज गेली असेल,” सर म्हणाले.

मावशीने त्यांच्या हातातून फोटो घेतला, पदराने पुसावा तसा आपल्या झग्याच्या टोकाने पुसला आणि जागेवर ठेवला. मग सरांच्या खांद्यावरचा राखी स्वेटर काढून घेतला. घडी घातली. फळीवर ठेवला.

“नेपाळी म्हणणाऱ्याला नकाशा माहीत नसतो सर,” ती म्हणाली. “तुमाला माहीत हाय.”

पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मावशीने लावला तर पलीकडे नंबरच लागेना. सर भेटले की मी सांगायचो आणि ते म्हणायचे, तांत्रिक अडचण असेल. वर्ष उलटलं तरी ते तेच म्हणतात. बंदूक, तुरुंग, परीक्षा यांची मला चीड येते. पण कुणाचं काय झालं हे न विचारता ‘रेंज’ म्हणून मोकळं होणाऱ्या या शिकलेल्या माणसाची मला किळस आली. आणि त्याला तिथे नेणारा मी होतो. एक वाद जिंकायची माझी खाज होती, त्याची किंमत तिच्या भावाने दिली. हे मी स्वतःला कधीच माफ करू शकणार नाही.

या हिवाळ्यात मावशी आली, पण बोलणं कमी झालं होतं. गुरूंचा फोटो आता उघडाच होता, पहिल्या रविवारीसुद्धा. मी विचारायच्या आधीच म्हणाली, “आता कुणापासून झाकू?” फोटोच्या शेजारी ती मरून माकडटोपी होती. उगीच काहीतरी भरपाई केल्यासारखं वाटावं म्हणून मी ती उचलली आणि म्हटलं, “मावशी, ही मला द्या.”

तिने ती माझ्या हातातून काढून घेतली, घडी घातली आणि फोटोजवळ ठेवली.

“ही न्हाई दादा,” ती म्हणाली. “फोन आला तर लागंल.”