तिसऱ्या सुराची ओळख

पुलाच्या अलीकडे काकू थांबल्या. म्हणाल्या, "परत म्हण. आणि माझ्याकडे बघू नकोस, तुझ्या तोंडावरून कळतं मला."

मी रस्त्याकडे तोंड केलं आणि खालच्या 'सा'पासून वरच्या 'सा'पर्यंत गुणगुणत गेले.

"हो," काकू म्हणाल्या.

"ते 'नाही' होतं, काकू."

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि चालायला लागल्या.

दवाखान्यापासून आमच्या गल्लीपर्यंत तासाभराची वाट. बस आहे, पण बसच्या घरघरीत सूर ऐकू येत नाही. म्हणून महिनाभर आम्ही दोघी पाचला भेटीची वेळ संपली की पायीच निघत होतो.

काकू म्हणजे आमच्या शेजारच्या टेलरकाकू. पस्तीस वर्षं त्यांनी शाळेचे गणवेश शिवले. यजमान त्याच शाळेत गाण्याचे मास्तर. सूर लावायला मीही त्यांच्याकडेच शिकले. घरात पुढच्या खोलीत पेटी, मागच्या खोलीत मशीन. मास्तर आल्यागेल्याला सांगायचे, "आमच्या हिला देवानं कान दिलेत ते डूल घालायला." मशीनवरून मान वर न करता काकू म्हणायच्या, "आणि यांना तोंड दिलंय, ते बंद करायचं मात्र राहून गेलं."

ते तोंड तीन महिन्यांपूर्वी बंद झालं. झटका आला, ऑपरेशन होऊनही उजवं अंग गेलं, शब्द गेले. मान हलवायचे, पण होला आणि नाहीला सारखीच. राहिलं ते गुणगुणणं. सगळ्यांना वाटायचं, चाळा आहे. एकदा मी शेजारी बसले होते तेव्हा लक्षात आलं, सगळे स्वर शुद्ध लागले की हो म्हणायचंय, आणि तिसरा, म्हणजे गंधार, जरा खाली उतरून कोमल लागला की नाही. उशी दाखवून "ही बादली का?" विचारलं. कोमल गंधार. दहादा विचारलं, एकदाही चुकले नाहीत.

काकूंना मात्र दोन्ही सारखंच ऐकू यायचं.

मी मास्तरांच्याच पेटीवर त्यांना शिकवायला घेतलं. आठ दिवसांत काकू वीसपैकी वीस बरोबर सांगायला लागल्या. मी मनोमन देवाचे आभार मानले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांनी मास्तरांना विचारलं, "खिडकी उघडू?" मास्तर गुणगुणले, काकूंना हो वाटलं, त्यांनी उघडली. दुपारभर ते गार वारं अंगावर घेत, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

त्या संध्याकाळी काकूंनी पेटीचा कोमल गंधार एकटाच दाबला. पुन्हा दाबला.

"ही पट्टी खटकते गं," त्या म्हणाल्या. "सुई तुटायच्या आधी मशीन असंच करतं. मी सूर ऐकतच नव्हते. खटका ऐकत होते."

मी लहानपणापासून ती पेटी वाजवतेय, मला तो खटका कधी जाणवला नव्हता. काकूंनी अस्तराची चिंधी दुमडून पट्टीखाली सरकवली. खटका गेला. मग वीसपैकी नऊ.

"छापाकाटा केला असता तर दहा तरी आले असते," काकू म्हणाल्या, आणि पेटीचं झाकण लावून टाकलं. तेव्हापासून नुसता गळा आणि ही वाट.

आता गुरुवार तीन दिवसांवर आला होता. डॉक्टरीणबाईंनी दुसरं ऑपरेशन सुचवलं होतं, आणि करायचं की नाही ते त्या दिवशी सांगायचं होतं. झालं तर थोडं बोलणं परत येईल, नाहीतर माणूस टेबलावरून परत येणार नाही. मास्तरांची इच्छा कळली तर बरं, असं त्या म्हणाल्या होत्या.

"मुलगा काय म्हणतो?" मी विचारलं.

"म्हणतो, आई, तो नुसता आवाज आहे, तूच ठरव. मी कोण ठरवणार? माणूस समोर आहे, त्याला विचारायचं. म्हण परत."

पूल ओलांडताना त्यांनी दोरा धरावा तशी दोन बोटं जुळवली. "होमध्ये तिसऱ्या टाक्याला दोरा ताणलेला असतो," त्या स्वतःशीच बोलल्या. "नाहीमध्ये सैल पडतो." आणि पुढचे चार बरोबर सांगितले. गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा वीसपैकी सतरा झाले होते.

"काकू, खूप झालं."

"मला एकच प्रश्न विचारायचाय. त्यात तीन चुकांना जागा नाही."

"मग मीच ऐकून सांगते ना."

"तू सांगशील ते खरंच असेल. पण पस्तीस वर्षं ते पुढे गात होते आणि मी मागे मशीन चालवत होते. ऐकायला म्हणून एकदाही पायडलवरून पाय काढला नाही." बोलता बोलता त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि माझा हात धरला. "गुरुवारी ये. माझ्या मागे उभी राहा, तुझं तोंड मला दिसायला नको. मी विचारीन, ते गुणगुणतील, काय ऐकलं ते मीच सांगीन. बरोबर असेल तर गप्प राहा. चुकलं तर खांद्यावर हात ठेव. उत्तर आवडलं नाही म्हणून मात्र ठेवू नकोस."